इक्वलायझेशन आणि ध्वनिविकृती (श्रवणयंत्रांतील)

वयोमानाने ऐकू येईनासे होते तेव्हा सगळे आवाज सारखेच मंदावत नाहीत. बहुधा वरच्या वारंवारतेचे आधी जातात. समोरचा ‘साठ’ म्हणतो, आजोबांना ‘आठ’ ऐकू येते, कारण ‘स’ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्‌झच्या वर असते. ऑडिओग्रामवर दिसणारी ही उतरण भरून काढण्यासाठी तेवढाच पट्टा वाढवणे म्हणजे इक्वलायझेशन.

जितकी घट तितकी वाढ, हा हिशेब मात्र कानाला मानवत नाही. हळू बोललेले कळत नाही आणि आवाज चढवला की “ओरडता कशाला?” हा घरोघरचा अनुभव आहे. कान अधू झाला तरी मोठा आवाज त्याला जवळपास तेवढाच मोठा लागतो. म्हणूनच सॅम्युअल लायबर्गर यांनी १९४४मध्ये निम्म्या वाढीचा नियम मांडला : ६० डेसिबल घट असेल तर साधारण ३० डेसिबल वाढ.

वाढीची किंमत विकृतीत मोजावी लागते. २० डेसिबल वाढ म्हणजे तरंगाची उंची दहापट. अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा ओलांडली की तरंगांचे शेंडे छाटले जातात. १,००० हर्ट्‌झच्या शुद्ध सुराचे दोन्हीकडचे शेंडे सारखे छाटले, तर ३,००० आणि ५,००० हर्ट्‌झचे उपरे सूर जन्मतात. जो पट्टा स्वच्छ करायचा, नेमका तिथेच कचरा!

यावर उतारा कॉम्प्रेशनचा : हळू आवाजाला जास्त वाढ, मोठ्याला कमी. एडगर व्हिल्चर यांनी १९७३मध्ये ते वेगवेगळ्या पट्ट्यांत करून दाखवले. पण पट्टे फार आणि क्रिया फार झटपट झाली, तर ध्वनीतले चढउतारच सपाट होतात, आणि स्वरांची ओळख त्यांच्यावरच तर असते.

डिजिटल यंत्रात प्रक्रियेचा विलंबही मोजावा लागतो. तो सुमारे १० मिलिसेकंदांपुढे गेला की स्वतःचाच आवाज विचित्र वाटू लागतो.

खरी फजिती संगीताची. १६ बिटांच्या यंत्राची झेप सुमारे ९६ डेसिबल. वाद्ये ती सहज ओलांडतात आणि ध्वनी आत शिरतानाच छाटला जातो. तो नंतर कुठल्याही इक्वलायझरने सांधता येत नाही. ऑडिओलॉजिस्ट मार्शल चेसिन यांनी सुचवलेला उपाय गमतीदार आहे. मायक्रोफोनवर चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. येणारा आवाज दहाएक डेसिबलने उतरतो आणि महागड्या यंत्राला गाणे झेपते.