पावसाची रेघ

समुद्र बघून झाला होता. मोठाली दुकानंही बघितली. पोराला म्हटलं, आता मला यांचा माळ दाखव. तेव्हा आम्ही ॲडलेडहून उत्तरेला निघालो. डिकीत पाण्याचे दोन मोठे कॅन, जादाची दोन चाकं आणि डिझेल. म्हणालो, "अरं, दुष्काळी कामावर चाललोय का आपण?"

"दादा, हॉकर सोडलं की पुढं तासतास माणूस दिसत नाही."

सुरुवातीचे दोन-तीन तास गव्हाचीच रानं. नजर पोचेल तिथवर एकच पीक, आणि बांधावर माणूस नाही. मग रस्त्याकडेला एक फलक आला आणि पोरानं गाडी उभी केली. फलकावर लिहिलं होतं, गॉयडरची रेघ.

हा जॉर्ज गॉयडर त्या प्रांताच्या मोजणी खात्याचा मुख्य. 1865 साली मोठा दुष्काळ पडला होता, तेव्हा सरकारनं त्याला पाहणीला धाडलं. त्यानं घोड्यावरनं मुलूख पालथा घातला आणि नकाशावर एक रेघ मारली. रेघेच्या दक्षिणेला पेरा, उत्तरेला नुसती मेंढरं राखा. पावसाच्या नोंदी त्या काळी त्या बाजूला फारशा नव्हत्याच. त्यानं बघितलं ते झुडपांकडं. जिथं दक्षिणेकडची झाडी संपून खारट पानांची झुडपं लागतात, तिथनं रेघ. पुढं मोजून बघितलं, तर ती साधारण दहा इंच पावसाची रेघ भरली. आमच्या माणदेशात बऱ्या वर्षी याच्या दुप्पट पडतो, तरी आम्ही दुष्काळी!

1872 च्या कायद्यानं शेतकऱ्यांना रेघेपर्यंतच उधारीवर जमिनी दिल्या. पण पाऊस लागोपाठ बरा झाला, आणि लोक म्हणू लागले, गॉयडरला काय कळतंय? नांगर चालला की पाऊस त्याच्या मागनं येतो, असं तिथं शिकलेली माणसंसुद्धा बोलायची. 1874 साली सरकारनं रेघ बाजूला सारली. लोक बायकामुलं घेऊन वर सरकले. 1880 पासून पावसानं सलग पाठ फिरवली.

ते सगळं क्वॉर्न ते हॉकर या रस्त्यावर अजून उभं आहे. दगडी घरं, वर छप्पर नाही, धुराडं तेवढं ताठ. चूल दिसते. चुलीपुढं गवत वाढलेलं. हॉकरच्या अलीकडं सिमन्स्टन म्हणून एक गाव आखलं होतं. रेल्वे येणार म्हणून तिथं हॉटेल बांधायला घेतलं, आणि रेल्वे दुसरीकडनंच गेली. गावात कुणी राहायला आलंच नाही. आमच्याकडं गावं ओस पडतात. वसण्याआधीच ओस पडलेलं गाव मी पहिल्यांदा बघितलं.

एका पडक्या घराच्या उंबऱ्यावर बसलो आणि मला आजी आठवली. आमच्या घराच्या वरच्या अंगाला तरवडाचा माळ होता. आजी आबांना म्हणायची, "तरवडाच्या वर नांगर घालू नगं. ती जागा मेंढरांची हाय." तिनं कुठली मोजणी केली होती? एकदा दोन वर्षं पाऊस बरा झाला. आबांनी मेंढरं विकली, बैलजोडी घेतली आणि माळ फोडला. पहिल्या वर्षी बाजरी बरी आली, गावात त्यांचं नाव झालं. मग 1972 उजाडलं. बैल गेले. मी आणि आई खडी फोडायला रस्त्याच्या कामावर. सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. आजी त्यावर एक शब्द बोलली नाही. तिचं ते न बोलणंच आबांना जास्त लागलं असावं.

रेघेच्या वर टिकले ते वेगळेच. 1866 च्या सुमारास कराचीहून जहाजानं शंभरावर उंट आणि तीसेक उंटवाले पोर्ट ऑगस्टाला उतरले. तेव्हा कराची मुंबई इलाख्यात, म्हणजे आमच्या साताऱ्याच्याच सरकारात! त्यांच्या मागनं आणखी आले. कुणी बलुची, कुणी पठाण, कुणी पंजाबी, सिंधी. गोऱ्यांनी सगळ्यांना 'अफगाण' करून टाकलं. जिथं बैल तहानेनं मरायचे तिथं यांनी पीठ, लोकर, तारेचे खांब वाहिले. डांबर संपल्यावर धुरळा खात आम्ही त्यांच्या गावी पोचलो, त्याचं नाव मरी. (आपल्या मरीआईतलंच मरी वाटतं ऐकायला.) 1884 साली तिथं रेल्वे आली आणि रुळांनी गावाचे दोन भाग केले. एकीकडं गोरे, दुसरीकडं उंटवाले आणि तिथले मूळ लोक. म्हणजे गावकुसाबाहेरचं तिथंही होतंच. 1901 च्या कायद्यानंतर तर बायकामुलं आणणंही मुश्कील झालं. पुढं मोटारी आल्या, उंट नकोसे झाले. 1980 साली रेल्वेही दुसऱ्या वाटेनं गेली. आता खजुराची झाडं, जुन्या मशिदीची नक्कल, वापराविना उभं इंजिन, आणि शंभराच्या आत माणसं. समोरनं येणारा गाडीवाला मात्र स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून रामराम करतोच.

परतताना पोरगं म्हणालं, "दादा, त्या फलकापाशी उभं राहा, फोटो काढतो."

उभा राहिलो, तेवढ्यात गावाकडनं गड्याचा फोन. "मालक, टँकर एकच आलाय. पाणी घराजवळच्या डाळिंबाला घालू का तरवडाच्या माळावरच्या?"

माळावरच्या बागेला औंदा पहिलंच फळ धरलं होतं.

म्हटलं, "माळावर घाल."