दुपटीचें गणित आणि फुप्फुसांतील गांठ

खानदेशांत चाळीसगांवच्या दक्षिणेस, डोंगराच्या पायथ्याशीं, पाटण नांवाचें प्राचीन स्थान आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण यादवाचा ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन अखंड चालावें म्हणून त्यानें येथें मठ स्थापिला, आणि निकुंभ कुळांतील सोइदेवानें १२०७ च्या सुमारास त्या मठास दान दिलें, असें तेथील शिलालेख सांगतो. हा लेख विद्वानांच्या नजरेस आणला तो एका डॉक्टरानें. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींतील डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं तो शोधला व १८६५ सालीं लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत त्याची माहिती प्रसिद्ध केली.

वैद्य आणि गणित यांची ती गांठ योगायोगानें पडली होती. पुढें शंभर वर्षांच्या आंत मात्र या मठांतील विद्यार्थी जीं गणितें शिकत, त्यांपैकीं दोन वैद्यकास प्रत्यक्ष कामीं आलीं. आणि तींही फुप्फुसाच्या कर्करोगासारख्या प्राणघातक व्याधीचा माग काढण्यास. एक दुपटीचें, दुसरें गोलाच्या घनफळाचें.

दुपटीचें गणित ‘लीलावती’मध्यें असें आहे. एका दात्यानें याचकास पहिल्या दिवशीं दोन कवड्या दिल्या आणि रोज दुप्पट देण्याचें कबूल केलें. तर महिन्यांत एकूण दान किती झालें? पहिल्या दहा दिवसांत अवघ्या २०४६ कवड्या होतात, म्हणजे निष्काचा दहावा हिस्साहि नव्हे. परंतु तीस दिवसांची बेरीज २१४ कोटी ७४ लक्ष ८३ हजार ६४६ कवड्या, म्हणजे एक लक्षाहून अधिक निष्क भरते. त्यांतहि शेवटच्या एका दिवसाचें दान एकूण दानाच्या निम्म्याहून एक कवडी अधिक असतें. दुपटीचा स्वभावच असा आहे. आरंभीं ती कोणाच्या लक्षांत येत नाहीं, आणि लक्षांत येते तेव्हां बहुतेक काळ उलटून गेलेला असतो.

दुसरें गणित गोलाचें. व्यास दुप्पट झाला तर गोलाचें घनफळ आठपट होतें. उलट, घनफळ दुप्पट होण्यास व्यास सव्वापटीहून किंचित् अधिक वाढला तरी पुरे. दुप्पट ऐवजाचा लाडू डोळ्यांना सव्वापटच दिसतो. आठ मिलिमीटरांची गांठ दहा मिलिमीटरांची झाली, तर पाहणारा म्हणेल, ‘दोनच मिलिमीटर वाढली.’ गणित सांगतें, ती जवळजवळ दुप्पट झाली.

आतां फुप्फुसाकडे वळूं. १८९५ सालीं जर्मनींतील व्युर्झबुर्ग येथें प्राध्यापक राँटगेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले, आणि जिवंत माणसाच्या छातीच्या आंत डोकावण्याची सोय झाली. त्याबरोबर एक नवी अडचणहि उभी राहिली. छायाचित्रांत कित्येकदां लहानशी वाटोळी सांवली दिसे. ती कर्करोगाचा आरंभ असेल, किंवा बऱ्या झालेल्या क्षयाचा वण असेल. एका चित्रांत दोन्ही सारखींच दिसत. छाती उघडून पाहिल्यावांचून निवाडा कसा करावा?

उत्तर पुढें आलें तें असें कीं, एकदां पाहून कळत नसेल तर कांहीं काळानें पुन्हां पाहावें. अमेरिकेंतील व्हिन्सेंट कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी यांनीं १९५६ सालीं अर्बुदांच्या वाढीच्या वेगावर एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच रोग्याचीं निरनिराळ्या तारखांचीं क्ष-किरणचित्रें घेऊन त्यांनीं गांठींचे व्यास मोजले, आणि घनफळ दुप्पट होण्यास किती दिवस लागले याचा हिशेब मांडला. पेशीचा व्यास मिलिमीटराचा शंभरावा भाग धरला, तर एका पेशीपासून एक सेंटिमीटराची गांठ होण्यास तीस दुपटी लागतात. दात्याच्या महिन्याचे दिवसहि तीसच! वीस दुपटींनंतरहि गांठ मिलिमीटरभरच असते. आणि तिसाव्या दुपटीनंतर आणखी दहा झाल्या कीं ती दहा सेंटिमीटरांची होते. याचा अर्थ, छातीच्या साध्या चित्रांत गांठ नीट दिसूं लागते तेव्हां तिच्या आयुष्याचा मोठा भाग सरलेला असतो. प्रत्येक गांठ आरंभापासून एकाच चालीनें वाढते असें नव्हे. परंतु हिशेबाची दिशा खरी होती.

त्याच दशकांत डॉक्टरांमध्यें एक नियम रूढ झाला. दोन वर्षांत जी गांठ वाढली नाहीं ती बहुधा निरुपद्रवी समजावी. नियम उपयुक्त होता, पण त्याचें साधन अपुरें होतें. साध्या क्ष-किरणचित्रांत हृदय, बरगड्या आणि फुप्फुस यांच्या सांवल्या एकमेकींवर पडतात. त्यांत लहान गांठ दडून जाते, आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटरांचा फरक तर मोजतांच येत नाहीं.

ही उणीव सी. टी. यंत्रानें भरून काढली. इंग्लंडांतील गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रानें १ ऑक्टोबर १९७१ रोजीं लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयांत प्रथमच एका रोग्याच्या मेंदूचें चित्र घेतलें. या शोधाबद्दल त्यांस व अ‍ॅलन कॉरमॅक यांस १९७९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. या यंत्रांत क्ष-किरणांची नळी शरीराभोंवतीं फिरते, आणि भाकरीच्या चळतींतील एकेक भाकरी निराळी पाहावी त्याप्रमाणें संगणक शरीराचे आडवे थर निरनिराळे दाखवितो. १९८९ च्या सुमारास नागमोडी फेऱ्याची पद्धत आली, आणि एका श्वासांत सबंध छाती टिपणें शक्य झालें. थर मिलिमीटरभर जाडीचे झाले. मग गांठीचा केवळ व्यास मोजण्याचें कारण उरलें नाहीं. प्रत्येक थरांतील तिचा भाग मिळवून संगणक तिचें घनफळच सांगूं लागला. न्यूयॉर्कमधील डेव्हिड यँकेलेविट्झ, क्लॉडिया हेन्श्की आणि त्यांचे सहकारी यांनीं २००० सालीं या रीतीनें लहान गांठींच्या वाढीचें मोजमाप प्रसिद्ध केलें.

घनफळाचा हा हिशेब किती उपयोगी पडला, तें दोन मोठ्या प्रयोगांवरून दिसतें. अमेरिकेंत ५३ हजारांहून अधिक धूम्रपानी माणसांवर झालेल्या प्रयोगाचा निकाल २०११ सालीं आला. साध्या चित्राऐवजीं कमी किरणांची सी. टी. तपासणी केल्यानें फुप्फुसाच्या कर्करोगाचे मृत्यू २० टक्क्यांनीं घटले. परंतु तेथें मुख्यतः गांठीचा आकार पाहून संशय घेतला जाई. त्यामुळें संशयित ठरलेल्या शंभर तपासण्यांपैकीं ९६ मध्यें कर्करोग नव्हताच. हॉलंड व बेल्जम येथील प्रयोगाचा निकाल २०२० सालीं प्रसिद्ध झाला. तेथें घनफळ मोजलें जाई, आणि गांठ संशयास्पद पण अनिश्चित असली तर कांहीं महिन्यांनीं पुन्हां मोजून निर्णय होई. दुप्पट होण्यास ४०० दिवसांहून कमी लागले तर रोग्यास तज्ज्ञाकडे धाडीत. ६०० हून अधिक लागले तर वाट पाहत. या रीतीनें संशयित ठरलेल्या शंभरांपैकीं चाळिसांहून अधिक जणांना खरोखरच कर्करोग निघाला, आणि दहा वर्षांत पुरुषांमधील त्या रोगाचे मृत्यू २४ टक्क्यांनीं कमी झाले. धीरानें दुसऱ्यांदां मोजल्यामुळें अनेकांची छाती विनाकारण चिरली गेली नाहीं, आणि ज्यांना खरी गरज होती ते वेळेवर सांपडले.

या नियमासहि अपवाद आहेत. धुरकट कांचेसारख्या दिसणाऱ्या कांहीं गांठी कर्करोगाच्या असूनहि वर्षानुवर्षें मंद वाढतात; त्यांच्याबाबत दोन वर्षांची मुदत अपुरी पडते. उलट, आठवड्या-दोन आठवड्यांत दुप्पट होणारी गांठ बहुधा जंतूंच्या दाहाची असते. दोन वेळां श्वास कमीअधिक घेतला गेला, किंवा थरांची जाडी निराळी ठेवली, तरीहि मापांत फरक पडतो. सबब दुसरी तपासणी शक्यतों पहिल्यासारखीच व्हावी लागते.

खानदेशास हा इतिहास दूरचा नाहीं. जगांतील क्षयरोग्यांपैकीं सुमारें चतुर्थांश रोगी भारतांत आहेत, आणि क्षय बरा होतांना फुप्फुसांत वण व गांठी ठेवून जातो. जळगांव आणि धुळें या दोन्ही ठिकाणीं आज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयें आहेत, सी. टी. यंत्रेंहि आहेत. तेथें आलेल्या शेतकऱ्याच्या किंवा विडी ओढणाऱ्या मजुराच्या चित्रांत गांठ दिसली, तर ती जुना वण आहे कीं नवा शत्रू, हें ठरविण्याचें एक मोठें साधन म्हणजे मागचें चित्र. पांच वर्षांपूर्वींच्या चित्रांत तीच गांठ तेवढीच असेल, तर ती भरीव असल्यास भीतीचें कारण बहुतेक नाहींसें होतें.

येथें दोन प्रकारचे घात होतात. कोणी ‘गांठ’ हा शब्द ऐकतांच घाबरून कर्ज काढतो. तर कोणी ‘तीन महिन्यांनीं या’ हें ऐकून, ज्या अर्थीं डॉक्टरांनीं आजच कांहीं केलें नाहीं त्या अर्थीं कांहीं नसावें, असें समजतो व परत जातच नाहीं. वस्तुतः ते तीन महिने म्हणजे चालढकल नसून तपासणीचाच अर्धा भाग असतो. पहिल्या मापानें जागा कळते, दुसऱ्या मापानें स्वभाव कळतो.

धुळ्यास इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचें १९२६ सालीं देहावसान झालें, आणि त्यांनीं जमविलेलें दफ्तर जतन करण्यासाठीं तेथें त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ उभें राहिलें. जुना कागद, आणि त्यावरील मिति, यांचें मोल तो जिल्हा जाणतो. मिति नसलेल्या कागदावरून इतिहासकारास अनुक्रम लावतां येत नाहीं. जुनें चित्र हरवलेल्या रोग्याच्या डॉक्टरासहि तसाच नव्यानें आरंभ करावा लागतो. पाणी गळणाऱ्या कौलाखालीं किंवा कणगीमागें टाकलेलें छातीचें चित्र हें घरांतील खातेपुस्तकाइतकेंच जपून ठेवण्याजोगें आहे. त्यावरील तारीख पुसूं देऊं नये, आणि डॉक्टरांनीं दिलेली पुढची तारीख चुकवूं नये.