वाट कोणाची?

सुवर्णमहोत्सवी अंकात भोसलेकालीन छत्तीसगडाविषयी, मंडळाच्या संस्थापकांविषयी, गणेशोत्सवाच्या आणि नाट्यप्रयोगांच्या आठवणींविषयी लिहिले जावे, हे यथोचितच आहे. त्या मालिकेत सायकल आणि पायवाट यांच्या इतिहासाचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर एका घटनेत आहे. आणि ती घटना आमच्याच हातून घडलेली असल्यामुळे ती प्रथम सांगून टाकणे आम्ही कर्तव्य समजतो.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातील गोष्ट. पहाटे सायकलीवरून दहा-पंधरा मैलांचा फेरफटका मारण्याचा आमचा जुना परिपाठ आहे, आणि वेगाचा थोडा अभिमानही होता. त्या दिवशी शहरातील एका तलावाकाठच्या वाटेने आम्ही ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने परतत होतो. वाटेवर फिरावयास आलेल्यांची गर्दी होती. पुढे आपल्या मंडळातल्याच एक वयोवृद्ध काकू शाल पांघरून कडेने संथपणे चालल्या होत्या. आम्ही रीतसर घंटी वाजवली. काकू दचकल्या, आवाजाच्या दिशेने वळल्या आणि वळता वळता नेमक्या आमच्या मार्गात आल्या. ब्रेक दाबूनही हॅन्डलचे टोक त्यांच्या शालीत अडकले आणि त्या खाली पडल्या. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये होता. समाचारास गेलो असता आम्ही ओशाळून म्हणालो, “काकू, घंटी तर वाजवली होती हो.” त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, “वाजवलीस ना. ती ऐकली म्हणूनच तर वळले रे मी!”

या एका वाक्याने आमचा सारा युक्तिवाद संपला. घंटी वाजवली की आपले कर्तव्य झाले, ही समजूत आमच्यात कोठून आली, आणि वाट मुळात कोणाची, याचा शोध घेण्याची बुद्धी तेव्हा झाली. प्रस्तुत लेख हे त्या शोधाचे फळ आहे.

वाटेवरील अग्रक्रमाचा प्रश्न आपल्याकडे फार प्राचीन आहे. महाभारताच्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. जनकाच्या यज्ञास निघालेल्या या बालकाची वाटेतच राजाशी गाठ पडते आणि त्याला बाजूस होण्यास सांगण्यात येते. त्या वेळी अष्टावक्र वाटेचा क्रम सांगतो. प्रथम आंधळ्याची, मग बहिऱ्याची, मग स्त्रीची, मग ओझे वाहणाऱ्याची, आणि त्यानंतर राजाची. ब्राह्मण समोर आला तर मात्र वाट त्याची. राजा वाट सोडतो. यातील वर्णाचा भाग आज कोणी मानू नये. परंतु आंधळा आणि बहिरा यांना दिलेले अग्रस्थान विचार करण्यासारखे आहे. ज्याला येणारे वाहन दिसत नाही आणि ज्याला त्याची चाहूल ऐकू येत नाही, त्याची वाट आधी. म्हणजे सावध राहण्याचा भार ज्याला दिसते आणि ऐकू येते त्याच्यावर. मनुस्मृतीतही वृद्ध, रोगी, ओझेवाले आणि स्त्रिया यांना वाट द्यावी असे सांगितले आहे. मात्र तेथे चाकाच्या वाहनात बसलेल्यालाही त्याच यादीत स्थान आहे. चाकाचा मान आणि वृद्धाचा मान यांतील हा झगडा इतका जुना आहे.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. बिंबाजी भोसले १७५८ साली रतनपूरला आले आणि छत्तीसगडात मराठ्यांची राजवट स्थिर झाली. १८१८ नंतर इंग्रज अधिकारी अ‍ॅग्न्यू याने कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला आणले. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि पुढे कचेऱ्या, शाळा, न्यायालये यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. ती आली नागपूर-रायपूर मार्गाने; कोणी पायी, कोणी घोड्यावर, बहुतेक बैलगाडीने. त्या वाटेवर सर्वांचा वेग जवळजवळ सारखाच होता. माणूस तासाला सुमारे ५ किलोमीटर चालतो, भरलेली बैलगाडी त्याहूनही हळू जाते. मागून येणारा पुढच्याला गाठी, तेव्हा दोन शब्द बोलण्याइतका अवधी असे.

१८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढील काळातील स्वामी विवेकानंद, आपल्या कुटुंबासह याच शहरात आला. प्रवासाचा शेवटचा मोठा टप्पा बैलगाडीचा होता. डोंगराच्या कपारीतील एक प्रचंड मधाचे पोळे पाहून तो इतका तल्लीन झाला की त्याचे बाह्यभान हरपले, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्यांचे वास्तव्य बुढापाऱ्यात होते. जवळच्या बुढा तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात. संथ वाटेवर माणसाला तल्लीन होता येते, भान विसरता येते, हे या आठवणीवरून आम्हांस जाणवले. तलावाकाठी फिरणाऱ्या आजोबांनाही तोच अधिकार आहे. पाठीमागे डोळे लावून चालण्याची सक्ती त्यांच्यावर कोणी केलेली नाही.

लोहमार्ग १८८२ साली राजनांदगावपर्यंत आला. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि १८९१पर्यंत रायपूर, बिलासपूर करीत गाडी आसनसोलला पोचली. त्याच सुमारास विलायतेत आजच्या सायकलीचा जन्म होत होता. १८८५ साली स्टार्ली याने सारख्या चाकांची, साखळीने चालणारी ‘रोव्हर’ सायकल बाजारात आणली. १८८८ साली डनलॉप याने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. वेग वाढला आणि तक्रारीही वाढल्या. पादचाऱ्यांसाठी राखलेल्या वाटेवरून गाडी हाकणे इंग्लंडात १८३५च्या कायद्यानेच गुन्हा ठरले होते. १८८८ साली तेथील पार्लमेंटाने सायकल ही ‘गाडी’च होय असे ठरवले. तिला रात्री दिवा लावावा, आणि गाडी, जनावर किंवा पादचारी यांना मागे टाकताना घंटीने वा शिटीने योग्य अंतरावरून सूचना द्यावी, असे बंधन घातले.

येथे दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. सायकल गाडी ठरल्यामुळे तिचे स्थान रस्त्यावर निश्चित झाले, पदपथावर नव्हे. दुसरे, घंटी हे स्वारावर लादलेले बंधन होते. पादचाऱ्याने दूर व्हावे असा हुकूम त्यात नव्हता. कालांतराने बंधनाचा विसर पडला आणि घंटी हा आमचा अधिकार होऊन बसला.

मराठी माणसाचे सायकलशी असलेले नाते सांगावयास पुण्याचे नाव पुरेसे आहे. सायकलींचे शहर म्हणून त्याची ख्याती होती. नगरपालिकेचा कर भरल्याची खूण म्हणून सायकलीला पितळी बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला अथवा डबलसीट बसवले तर पोलीस अडवीत. तासाच्या भाड्याने सायकली देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. ज्यांचे माहेर, आजोळ वा महाविद्यालय पुण्याचे, त्यांना हे नव्याने सांगावयास नको.

आपल्या बाजूला सायकलीचा खरा संसार भिलाईने पाहिला. १९५५ साली रशियाच्या सहकार्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्यात पाळी बदलली की सायकलींचा लोंढा बाहेर पडे. त्यात मराठी होते, तेलुगू, बंगाली, मल्याळी होते, आसपासच्या खेड्यांतील छत्तीसगढी होते. चाक चाकाला घासावे अशी दाटी. परंतु सर्वांच्या सायकली सारख्याच जड, बसण्याची ढब सारखीच ताठ आणि वेगही सारखाच बेताचा. कोणाचा तोल गेला तर शेजारच्याने खांद्याला हात द्यावा. यावरून एक निष्कर्ष निघतो. गर्दी ही स्वतः तितकीशी घातक नसते. गर्दीतील वेगांची तफावत घातक असते.

आज ती तफावत आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे. सायकली हलक्या झाल्या, त्यांना गिअर आले. व्यायाम आणि स्पर्धा म्हणून तरुण मंडळी त्या चालवू लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. दुसरीकडे तेलीबांधा आणि बुढा तलाव यांचे काठ फिरावयास येणाऱ्यांनी फुलू लागले. मधुमेहावर उपाय म्हणून चालणारे आजोबा, चेंडूमागे धावणारी मुले, बाबागाडी ढकलणाऱ्या माता, कानांत यंत्र घालून गाणी ऐकणारे विद्यार्थी अशी सारी मंडळी तेथे भेटतात. वाट तीच, आणि तिच्यावर ३ किलोमीटरपासून ३० किलोमीटरपर्यंतचे सर्व वेग.

काकूंच्या अपघाताचे गणित आम्ही नंतर मांडून पाहिले. ताशी २५ किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ७ मीटर. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद जातो. तेवढ्यात ७ मीटर संपतात. कोरड्या वाटेवर थांबावयास आणखी ५-६ मीटर लागतात. ओल्या वाटेवर त्याहून पुष्कळ अधिक. घंटी आम्ही आठ-दहा मीटरांवरून वाजवली होती. म्हणजे ती वाजली त्या क्षणीच थांबणे अशक्य झाले होते! हाच वेग ताशी ६ किलोमीटर असता, तर दोन मीटरांत आम्ही उभे राहिलो असतो. शिवाय वेग निम्मा केला की आघाताची शक्ती चौथाईवर येते. हे शाळेत शिकलेले पदार्थविज्ञान आम्हांस वापरण्यास मात्र एका वृद्धेचे मनगट मोडावे लागले.

इतर देशांनी या प्रश्नाचा विचार केला आहे. नेदरलँड्समध्ये डेल्फ्ट शहरात काही निवासी रस्ते मुलांना खेळता यावे अशा रीतीने बांधले गेले, आणि १९७६ साली अशा रस्त्यांना कायद्याचे रूप मिळाले. तेथे प्रत्येक वाहनाने माणसाच्या चालीने जावे, असा दंडक घालण्यात आला. जपानने १९७०च्या दशकात ठराविक पदपथांवर सायकलींना मुभा दिली. परंतु सायकलस्वाराने सावकाश जावे आणि पादचाऱ्यास अडथळा होत असेल तर थांबावे, ही अट घातली. विशेष म्हणजे पादचाऱ्यांना बाजूस सारण्यासाठी घंटी वाजवणे हा तेथे नियमभंग आहे. ज्या घंटीला आम्ही सौजन्य समजत होतो, तिला दुसरा एक समाज असभ्यपणा समजतो, हे वाचून आम्ही अंतर्मुख झालो. आपल्याकडेही इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ सालीच सायकलमार्गांच्या रचनेविषयी संकेत प्रसिद्ध केले होते, आणि नवा रायपूर येथे रुंद रस्त्यांच्या कडेने स्वतंत्र सायकलमार्ग आखले आहेत. ज्यांना वेगाची हौस आहे त्यांनी पहाटे तिकडे जावे. परंतु प्रत्येक जुन्या तलावाकाठी दोन वाटा होणे नाही. तेथे आचरणानेच मार्ग काढावा लागेल.

त्या दिवसापासून आम्ही स्वतःस काही नियम घालून घेतले आहेत. उपदेशाचा अधिकार आम्हांस नाही. अनुभवाचे बोल म्हणून ते येथे नोंदवतो. वाटेवर गर्दी असेल तर माणसाच्या चालीने जावे, आणि तेही जमत नसेल तर उतरून सायकल हाती धरावी. घंटी वाजवावयाचीच तर वीस-तीस मीटरांवरून, एकदाच, हलकेच. आणि वाजवल्यावर वेग वाढवू नये, कमी करावा. पुढच्याने ऐकल्याची खूण दिल्याशिवाय त्यास मागे टाकू नये. खूण मिळाली नाही तर त्यास ऐकू आले नाही असेच समजावे. अष्टावक्राने बहिऱ्याला दिलेला अग्रक्रम तो हाच. जवळ आल्यावर घंटीपेक्षा माणसाचा आवाज बरा. “काकू, उजव्या हाताने येतोय,” या शब्दांनी कोणी दचकत नाही. मधे हातभर अंतर ठेवावे. मुले आणि कुत्री कोणत्या क्षणी कोठे वळतील याचा भरवसा धरू नये. दोघांनी शेजारी-शेजारी चालवू नये, आणि घड्याळाशी शर्यत अशा वाटेवर लावू नये. पादचाऱ्यांनीही सारी वाट अडवून उभे राहू नये, हे खरे. परंतु ते राहिले म्हणून आमचे कर्तव्य कमी होत नाही.

पन्नास वर्षे एक संस्था चालते, ती सर्वांची चाल सारखी असते म्हणून नव्हे. काहींना नवे उपक्रम तातडीने हवे असतात, काहींना जुनी घडी मोडू नये असे वाटते. त्यांतून परगावी आलेल्या आपणांस तर एकमेकांवाचून गत्यंतर नसते. ज्याचे पाय भराभर उचलतात त्याने मागच्यासाठी थांबावे, हा आपल्या कार्यकारिणीतील जुन्या मंडळींचा अलिखित नियम होता. तलावाकाठच्या वाटेसाठी आम्हांस तोच पुरेसा वाटतो.

काकूंचा हात आता बरा आहे. थंडीत थोडा ठणकतो, असे त्या म्हणतात. त्या पुन्हा फिरावयास येऊ लागल्या आहेत. त्या दिसल्या की आम्ही सायकलीवरून उतरतो आणि वळणापर्यंत त्यांच्यासोबत चालतो. परवा त्यांनी विचारले, “उशीर नाही ना होत रे तुला?” आम्ही म्हणालो, “होतो, काकू. पाच मिनिटे होतो.”