प्रिंटरची निवड, मुक्तस्रोत प्रणालीसाठी (मंडई, पुणे)

लिनक्ससारखी मुक्तस्रोत प्रणाली असलेल्या संगणकाला जोडताच, कंपनीच्या सीडीची किंवा एखाद्या जाणत्या भाच्याची वाट न पाहता छापू लागेल असा प्रिंटर पारखून घेणे. प्रस्तुत नोंद पुण्याच्या मंडई परिसरातला खरेदीदार डोळ्यांपुढे ठेवून केली आहे. १८८६ साली ‘रे मार्केट’ या नावाने सुरू झालेल्या आजच्या महात्मा फुले मंडईभोवती, शुक्रवार आणि बुधवार पेठेत, किरकोळ दुकाने, करसल्लागारांची कार्यालये आणि झेरॉक्सवाले दाटीने वसले आहेत. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक मालाची तपकीर गल्ली तिथून चालत काही मिनिटांवर आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित अद्ययावतने थांबवली. तेव्हापासून धडधाकट पण जुना संगणक भंगारात घालण्याऐवजी त्यावर उबुंटू, मिंट किंवा सी-डॅकचे बॉस लिनक्स टाकण्याचा पर्याय अशा दुकानदारापुढेही आहे. संगणक चालतो, इंटरनेट चालते, मराठी टायपिंगही चालते. गाडी अडते ती प्रिंटरपाशी.

अडचणीचे मूळ ब्रँडमध्ये नसून प्रिंटरला कोणती भाषा कळते यात असते. पोस्टस्क्रिप्ट, पीसीएल किंवा थेट पीडीएफ समजणारा प्रिंटर पानाची मांडणी स्वतः करतो. पान पाठवणारा संगणक कोणत्या प्रणालीचा आहे याच्याशी त्याला देणेघेणे नसते. स्वस्त प्रिंटरमधून ही अक्कलच काढून टाकलेली असते. पानाचे ठिपके करण्याचे काम संगणकावर ढकलले जाते आणि ते ठिपके कंपनीच्या खासगी बोलीत केबलमधून जातात. कंपनीने ही बोली जाहीर केली नाही, तर लिनक्सवर काम करणाऱ्यांना ती उलगडून काढावी लागते. एकाच कंपनीचे एक मॉडेल विनातक्रार चालते आणि शेजारच्या खोक्यातले चालत नाही, त्याचे कारण हेच. ‘एचपी चालतो, कॅनन चालत नाही’ यांसारखी सरसकट मते गल्लीत फुकट मिळतात. मॉडेलचा क्रमांक सोबत नसेल तर त्यांची किंमतही तेवढीच.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची सुरुवातच एका प्रिंटरवरच्या चिडचिडीतून झाल्याचे सांगितले जाते. १९८०च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा लेझर प्रिंटर आला. आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी सोय करून ठेवली होती, की कागद अडकला तर ज्यांची कामे रांगेत आहेत त्यांना निरोप जावा. नव्या प्रिंटरचा सोर्स कोड मिळेना. तो ज्यांच्याकडे होता त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकाने गुप्ततेच्या कराराकडे बोट दाखवून नकार दिला. १९८३ मध्ये स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला. पुढे मायकेल स्वीट यांनी घडवलेली ‘कप्स’ ही छपाई-व्यवस्था १९९९ मध्ये आली. ॲपलने ती आधी आपल्या मॅकमध्ये वापरली आणि २००७ मध्ये तिचा सोर्स कोडच विकत घेतला. आज लिनक्सवर छपाईची आज्ञा दिली की ती बहुतेक ठिकाणी कप्सच्या हाती जाते. टिल काम्पेटर यांच्या पुढाकाराने चालणारा ‘ओपनप्रिंटिंग’ हा प्रकल्प ती सांभाळतो आणि कोणते मॉडेल कितपत चालते याची यादीही ठेवतो.

पेठेतला पेच : पेठेतला व्यवहारी सल्ला टोनरवरून सुरू होतो आणि तो चुकीचा नाही. ‘१२ए’ कार्ट्रिज कुठेही भरून मिळते, त्याचा ड्रम आणि ब्लेड सुटे मिळतात, दुरुस्ती करणारा बोलावल्यावर येतो. म्हणून एचपी लेझरजेट १०२० आणि जवळपास त्याच घडणीचे कार्ट्रिज घेणारा कॅनन एलबीपी २९०० हे दोन प्रिंटर महाराष्ट्रभर टेबलांवर वर्षानुवर्षे ठाण मांडून बसले. पण लिनक्सच्या दृष्टीने कटकटीचे नमुने शोधायचे तर यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

१०२० या प्रिंटरला आपला फर्मवेअर लक्षात राहत नाही. दरवेळी बटण दाबून चालू केला की संगणकाने तो त्याला नव्याने पाठवावा लागतो, नाहीतर हिरवा दिवा लागूनही पान येत नाही. एचपीने लिनक्ससाठी दिलेले ‘एचपीलिप’ हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे खरे, पण १०२० आणि ‘८८ए’ टोनरवर चालणारा पी-११०८ यांसारख्या मॉडेलांना वर एक बंदिस्त प्लगिन लागते. हे प्लगिन एचपीलिपच्या आवृत्तीशी जुळावे लागते. परिणामी प्रणाली अद्ययावत केल्यावर एका सकाळी छपाई बंद होते आणि दोष मात्र लिनक्सच्या माथी येतो. प्लगिन पुन्हा उतरवून घेतले की काम सुरू होते. एलबीपी २९०० चे दुखणे याहून जुनाट आहे. तो ‘कॅप्ट’ नावाची कॅननची खासगी बोली बोलतो. कंपनीचा लिनक्स ड्रायव्हर आहे, पण त्याचे काही भाग ३२-बिट काळातले असल्याने नव्या प्रणालीवर तो बसवणे खटपटीचे ठरते. स्वयंसेवकांनी बोली उलगडून केलेला मुक्त ड्रायव्हर हा दुसरा मार्ग. तो चालला तर उत्तम, पण भर हंगामात त्याच्या भरवशावर दुकान चालवू नये. हे प्रिंटर घरात आधीपासून असतील तर जरूर वापरावेत. लिनक्ससाठी नव्याने, विशेषतः जुन्या बाजारातून, विकत घेऊ नयेत.

ड्रायव्हरविना छपाई : गेल्या दीड दशकात हे चित्र बदलले, त्याचे बरेचसे श्रेय मोबाइल फोनला द्यावे लागेल. फोनमध्ये प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर बसवणे शक्य नव्हते. २०१० मध्ये ॲपलने ‘एअरप्रिंट’ आणले. त्याच पायावर, म्हणजे आयपीपी या प्रमाणित छपाई-शिष्टाचारावर, ‘आयपीपी एव्हरीव्हेअर’ आणि ‘मोप्रिया’ ही मानके उभी राहिली. असा प्रिंटर नेटवर्कवर आपली ओळख आणि क्षमता स्वतःच सांगतो: कागद ए-४, दोन्ही बाजूंनी छपाई होते, रंग नाही. कप्सला एवढे पुरते. नव्या लिनक्समधल्या ‘आयपीपी-यूएसबी’ या सोयीमुळे हेच बोलणे यूएसबी केबलवरूनही होते, अर्थात प्रिंटरने ती सोय दिली असेल तर. मायक्रोसॉफ्टनेही २०२३ मध्ये कंपन्यांच्या वेगळ्या ड्रायव्हरांचे वाटप टप्प्याटप्प्याने बंद करून याच वाटेने जाण्याचे जाहीर केले.

यावरून दुकानात करायची परीक्षा ठरते. ‘लिनक्सवर चालेल का?’ या प्रश्नाला बहुधा ‘चालेल की, का नाही चालणार’ असेच उत्तर मिळते आणि त्यावर विसंबता येत नाही. त्याऐवजी खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रियाचे चिन्ह आहे का ते पाहावे. मांडलेला नमुना वाय-फायवर असेल, तर कंपनीचे ॲप न टाकता आयफोनवरून एक पान छापून दाखवायला सांगावे. ते आले तर लिनक्सवरही येईल असे समजायला हरकत नाही. लॅपटॉप आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह सोबत नेला तर आणखी बरे. घासाघीस त्यानंतर करावी. उघडलेले खोके परत करणे कोणत्याही पेठेत सोपे नाही.

पैसे बेताचे असतील तर एखाद्या कार्यालयाने काढून टाकलेला, नेटवर्कचे पोर्ट असलेला आणि पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट जाणणारा जुना लेझर प्रिंटर हा सर्वांत शहाणपणाचा सौदा. जड असतो, जागा खातो, पण बोलायला सरळ. शाईच्या टाकीचे प्रिंटर रंगीत छपाईला स्वस्त पडतात. एप्सनचा लिनक्स ड्रायव्हर सोर्स कोडसह मिळतो, ब्रदर तयार पॅकेजे देते. मात्र आठवड्यातून चारच पाने छापणाऱ्याने टाकीच्या वाटेला जाऊ नये, कारण शाई हेडमध्ये वाळते. स्कॅनरसह यंत्र घेताना स्कॅनिंग वेगळे तपासावे. छापतो म्हणून स्कॅनही करील असे नाही. ‘ईएससीएल’ हे मानक पाळणारा असेल तर चिंता नाही. जीएसटीवाल्यांकडचे डॉट मॅट्रिक्स हा मात्र निश्चिंतीचा वर्ग. त्यांतले बहुतेक एप्सनची ईएससी/पी ही जुनी, सर्वज्ञात भाषा बोलतात आणि कार्बन घातलेल्या प्रतींना अजूनही दुसरा इलाज नाही.

बिलाचे प्रिंटर : मंडईत पाव किलो गवारीचे बिल कोणी मागत नाही. भोवतालच्या मसाल्याच्या, पूजासाहित्याच्या आणि भांड्यांच्या दुकानांत मात्र थर्मल प्रिंटर आले आहेत. ५८ मिमी रुंदीच्या रोलवर सहसा ३८४ ठिपक्यांची ओळ बसते, ८० मिमीवर ५७६ ठिपक्यांची. बहुतेकांची भाषा ईएससी/पीओएस असल्याने इंग्रजी बिल लिनक्सवरून सहज निघते. मराठीची गोष्ट वेगळी. या यंत्रांच्या अंगच्या अक्षरसंचात सहसा देवनागरी नसते, पुष्कळांत ₹ हे चिन्हही नसते, आणि थेट मजकूर पाठवला की प्रश्नचिन्हांची किंवा अगम्य खुणांची रांग बाहेर पडते. उपाय असा, की अक्षरे संगणकानेच जुळवावीत आणि पूर्ण बिल चित्र म्हणून पाठवावे. कप्समधून योग्य ड्रायव्हर लावून छापले तर हे आपोआप होते. वेग थोडा कमी होतो, पण जोडाक्षरे फुटत नाहीत. घेण्यापूर्वी आपल्याच मालाची यादी छापून पाहावी: हिरव्या मिरच्या, श्रावणघेवडा, अर्धा किलो सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. ‘अर्धा’मधला रफार आणि ‘खोबऱ्या’तला ऱ्या जागच्या जागी उमटले, तर त्या प्रिंटरचे पैसे द्यायला हरकत नाही.