तळटीप : पीजीपी
पीजीपी, म्हणजे ‘प्रिटी गुड प्रायव्हसी’, ही ई-मेलचा मजकूर कूटबद्ध करणारी आज्ञावली. अमेरिकी प्रोग्रॅमर फिल झिमरमन यांनी ती १९९१मध्ये विनामूल्य खुली केली. तिच्या मुळाशी असलेली सार्वजनिक किल्लीची कल्पना व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी १९७६मध्ये मांडली होती. प्रत्येकाजवळ दोन किल्ल्या असतात, एक जगजाहीर आणि दुसरी गुप्त. पहिलीने बंद केलेला मजकूर दुसरीनेच उघडतो. रिव्हेस्ट, शमीर आणि ॲडलमन यांच्या १९७७च्या आरएसए पद्धतीने ही कल्पना प्रत्यक्षात आली. पण आरएसएची आकडेमोड संथ. म्हणून पीजीपी दर पत्रासाठी एक नवी किल्ली तयार करते, पत्र जलद पद्धतीने तिच्यात बंद करते आणि आरएसएने फक्त ती छोटी किल्ली झाकते. झिमरमन यांची खरी करामत या जुळणीत आहे.

सबळ कूटलेखन तेव्हा अमेरिकी कायद्याने युद्धसामग्रीत मोडत असे. बेकायदा निर्यातीच्या संशयावरून १९९३मध्ये झिमरमन यांची चौकशी सुरू झाली आणि जानेवारी १९९६मध्ये, आरोप न ठेवताच, बंद झाली. दरम्यान, १९९५मध्ये एमआयटी प्रेसने आज्ञावलीचा मूळ कोड चक्क पुस्तकरूपात छापला. छापील पुस्तक परदेशी पाठवायला आडकाठी नव्हती! आरएसएच्या पेटंटचा अडसर मात्र २०००पर्यंत टिकला.

पीजीपीने मजकूर झाकला जातो, पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता नाही.