मेक्सिको सिटी, २० ऑक्टोबर १९६८: पडण्याआधी आणि पडल्यानंतर

जानेवारीत मुंबई मॅरेथॉन जवळ आली की टांझानियाचा जॉन स्टीफन अख्वारी व्हॉट्सअॅपवर हमखास अवतरतो. ग्रुपमधल्या कुणाचा तरी गुडघा कुरकुरत असतो, फिजिओने थांबायला सांगितलेलं असतं आणि तेवढ्यात कुणीतरी ती जुनी चित्रफीत टाकतं. संध्याकाळचं स्टेडियम, पायाला बँडेज गुंडाळलेला एक माणूस लंगडत शेवटच्या रेषेकडे निघालाय. खाली मजकूर: हा धावू शकतो, मग तू का नाही?

त्या चित्रफितीत १९६८ च्या ऑलिंपिक मॅरेथॉनचा शेवटच तेवढा आहे. आधीचे तीन तास कुणी पाहत नाही, म्हणून ते इथे क्रमाने मांडतो. सुरुवातीची आणि शेवटाची वेळ नोंदीतली आहे, मधल्या वेळा धावण्याच्या वेगावरून काढलेल्या आहेत. शर्यतीच्या दिवसाचं 'आधी' आणि 'नंतर' अख्वारीच्या पडण्यापासून मोजलंय.

सात दिवस आधी

१३ ऑक्टोबरला दहा हजार मीटरची अंतिम शर्यत झाली. मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचावर. श्वास घेतला तरी मिळणारा प्राणवायू मुंबईच्या मानाने जवळजवळ पाव हिश्शाने कमी. केनियाचा नफ्ताली तेमू पहिला आला आणि इथिओपियाचा मामो वोल्डे दुसरा. या अंतराचा विश्वविक्रम ज्याच्या नावावर होता तो ऑस्ट्रेलियाचा रॉन क्लार्क सहावा आला आणि तिथेच कोसळला. त्याला प्राणवायू द्यावा लागला. केनियाचा किप केनो पित्ताशयाच्या कळांनी शर्यतीतच खाली पडला. लांब पल्ल्याच्या धावपटूंना या शहराने काय वाढून ठेवलंय, हे आठवडाभर आधीच सगळ्यांना कळलं होतं.

सुमारे एक तास आधी, दुपारी ३:००

शहराच्या मधोमध असलेल्या झोकालो चौकातून ७५ धावपटू सुटले. छातीवर १ क्रमांक होता इथिओपियाच्या अबेबे बिकिलाच्या. १९६० साली रोमला अनवाणी धावून त्याने सुवर्णपदक घेतलं होतं. १९६४ साली टोकियोला अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर महिना-सव्वा महिन्यातच धावला आणि तेही जिंकला. अदिस अबाबा मेक्सिको सिटीपेक्षाही थोडं उंचावर, त्यामुळे हवेचा प्रश्न त्याला नव्हताच. प्रश्न पायाचा होता. तो आधीच दुखावलेला होता आणि तसाच घेऊन तो उतरला. टोकियोत जमलं होतं, मग इथेही जमेल, असा हिशेब असणार. पण पोटावरची जखम एकदा भरली की धावताना फारशी आड येत नाही. पायाचं दुखणं मात्र प्रत्येक पावलाला नव्याने उगाळलं जातं, आणि मॅरेथॉनमध्ये तशी पावलं हजारोंनी पडतात.

त्याच घोळक्यात तीस वर्षांचा अख्वारी होता, उत्तर टांझानियातल्या म्बुलूचा. आफ्रिकेत नाव कमावलेला धावपटू. चित्रफीत पाहून तो कुणी हौशी गडी असावा असं वाटतं, पण तो हौशी नव्हता, लढायलाच आला होता.

अर्धा तास आधी

पुढे बेल्जियमचा गॅस्टन रोलांट्स वगैरे मंडळी वेग ठरवत होती. मागे अख्वारीच्या पायांत पेटके यायला लागले. पेटका आला की माणूस नकळत पाऊल आखडतं घेतो आणि दुसऱ्या पायावर भार टाकतो. एकटं धावताना हे खपून जातं. दाटीत मात्र पाऊल बिघडलेला धावपटू स्वतःलाही धोका आणि शेजाऱ्यालाही.

काही मिनिटं आधी, चारच्या सुमारास

सतराव्या किलोमीटरच्या आसपास बिकिला थांबला. सलग दोन ऑलिंपिक मॅरेथॉन जिंकलेला, तोवर हा पराक्रम केलेला एकमेव माणूस रस्त्याच्या कडेला झाला. या थांबण्याची चित्रफीत कुणी फॉरवर्ड करत नाही. पाय आता पुढे नेणार नाही हे ओळखून, सगळं जग बघत असताना, १ क्रमांक छातीवर असताना बाजूला होणं सोपं नसतं. उतरण्याचा निर्णय चुकला असेल, पण थांबण्याचा नाही. पुढच्या वर्षी मोटार अपघातात त्याचे पाय कायमचे गेले, त्यामुळे ही त्याची शेवटची मॅरेथॉन ठरली. त्या अपघाताचा या दुखापतीशी काही संबंध नाही. लोक उगाच जोडतात.

चार वाजून पाच-दहा मिनिटं

एकोणिसाव्या किलोमीटरजवळ जागेसाठी रेटारेटी चालली होती. त्यात अख्वारी पडला. गुडघा आणि खांदा रस्त्यावर जोरात आपटले, गुडघा रक्ताने भरला.

गुडघा 'निखळला' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मांडीचं हाड आणि नडगी खरोखर एकमेकांपासून सुटली असती, तर तो उभा राहू शकला नसता. अशा वेळी मागची रक्तवाहिनी फाटण्याची भीती असते, माणसाला तडक शस्त्रक्रियेच्या टेबलावर न्यावं लागतं. वाटी सरकली असावी, असा माझा अंदाज. त्याने वेदना कमी होत नाहीत, पण सरकलेली वाटी जागेवर बसली की पाय कसाबसा भार घेतो. फरक बारीक वाटेल, पण व्हॉट्सअॅपवरच्या गुडघेवाल्याने तो आधी समजून घ्यावा.

पट्टी बांधून अख्वारी परत रस्त्यावर आला. पदकाचा विषय संपला होता.

सव्वा तासाने, ५:२०

मामो वोल्डे २ तास २० मिनिटं २६ सेकंदांत जिंकला. दुसरा आलेला जपानचा केन्जी किमिहारा त्याच्यामागे तीन मिनिटांहून अधिक. त्याच दिवशी स्टेडियममध्ये उंच उडीची अंतिम फेरी होती. डिक फॉसबरी दांडीकडे पाठ करून २.२४ मीटर उडाला आणि उंच उडी मारायची रीतच बदलून गेली. आणि आठवड्यापूर्वी कळांनी लोळलेला किप केनो, डॉक्टर नको म्हणत असताना, १५०० मीटरच्या अंतिम शर्यतीत उतरला आणि सुवर्णपदक घेऊन गेला.

म्हणजे एकाच दिवशी दुखणं अंगावर घेऊन धावलेले तिघे: एक जिंकला, एक थांबला, एक अजून वाटेतच. 'दुखत असलं तरी धाव' म्हणणारा केनोचं नाव घेईल, 'थांब' म्हणणारा बिकिलाचं. निकालावरून निर्णय बरोबर होता की चूक हे ठरवायला गेलं, की असा घोळ होतो.

६:२५

सूर्य नुकताच बुडाला होता. पदकं वाटून झाली होती, स्टेडियममध्ये काही हजार लोक उरले होते. अख्वारी आत आला आणि ३ तास २५ मिनिटं २७ सेकंदांनी त्याने शर्यत पूर्ण केली. क्रमांक ५७, शेवटचा. सुटलेल्या ७५ पैकी बिकिलासह १८ जण पोहोचलेच नव्हते.

आता जरा गणित. एकोणिसाव्या किलोमीटरपासून शेवटपर्यंत सव्वातेवीस किलोमीटर उरतात. त्याला लागले सुमारे दोन तास वीस मिनिटं. म्हणजे पडणं, पट्टी बांधणं, लंगडणं सगळं धरून किलोमीटरला सहा मिनिटं. मुंबईत धडधाकट गुडघ्याने या वेगाने पूर्ण मॅरेथॉन काढली तर लोक पेढे वाटतात. हा माणूस नुसता पाय ओढत आलेला नाही. चित्रफितीबाहेरचा बराच रस्ता तो चक्क धावलेला असणार, आणि हे केवळ जिद्दीने होत नाही. त्यामागे वर्षानुवर्षं कमावलेलं शरीर होतं. शनिवारी गोळी घेऊन रविवारी धावणाऱ्याने स्वतःला अख्वारी समजण्यात अडचण आहे ती हीच.

का थांबला नाहीस, असं विचारल्यावर तो म्हणाला म्हणे, की देशाने मला इतक्या हजार मैलांवर शर्यत सुरू करायला नव्हे, पूर्ण करायला पाठवलं. मैलांचा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. बहुतेक जण पाच हजार सांगतात. दार-ए-सलामहून मेक्सिको सिटी सरळ रेषेत मोजलं तरी नऊ हजारांच्या वर जातं.

एकवीस महिन्यांनंतर

जुलै १९७०, एडिंबरा, राष्ट्रकुल स्पर्धा. अख्वारी मॅरेथॉनमध्ये पाचवा आला, २ तास १५ मिनिटं ५ सेकंद. हवा विरळ नव्हती हे खरं, तरी मेक्सिकोत वोल्डेला सुवर्णपदकासाठी याहून पाच मिनिटं जास्त लागली होती. अख्वारीची ही शर्यत मात्र मला व्हॉट्सअॅपवर अजून कुणी पाठवलेली नाही.