लाखोळीची डाळ: रोग, बंदी आणि धानाचा शेतकरी

"डॉक्टर, लाखेची डाळ खाल्ली की पाय जातात, हे खरं का?" हा प्रश्न मला विचारणाऱ्यांचे दोन प्रकार असतात. पहिला प्रकार शहरातला. दुकानातल्या बेसनात किंवा तुरीच्या डाळीत लाखेची भेसळ असते असं कुठंतरी वाचलेलं असतं आणि पोटात धस्स झालेलं असतं. दुसरा प्रकार भंडारा-गोंदियाकडचा. त्यांच्या प्रश्नात खरं तर प्रश्न नसतोच. "आमच्या आजोबांनी जन्मभर खाल्ली, कुणाचे पाय गेले? सगळं सरकारचं आणि कंपन्यांचं काहीतरी असतं," असं त्यांचं ठरलेलं असतं.

दोघांनाही एका वाक्यात उत्तर देता येत नाही. पहिल्याची भीती जास्तीची आहे, आणि दुसऱ्याचा अविश्वास समजण्यासारखा असला तरी अर्धाच खरा आहे. म्हणून आज जरा इतिहास सांगतो.

लाख, लाखोळी, लाखोरी, हिंदीत खेसारी, छत्तीसगडात तिवरा. शास्त्रीय नाव लॅथायरस सटायव्हस. पूर्व विदर्भातल्या धानपट्ट्यात ही डाळ घ्यायची पद्धत फार सोपी आहे. धान अजून उभं असतं, बांधीत ओल असते, कापणीला पंधरा-वीस दिवस असतात. तेव्हाच उभ्या धानात लाखोळीचं बी फेकून द्यायचं. याला उतेरा म्हणतात. नांगरट नाही, खत नाही, पाणी नाही. धान कापून नेलं की त्याच ओलीवर लाखोळी वर येते. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, दाण्याची डाळ होते, भुसा बैलांना जातो. ज्याच्याकडे विहीर नाही अशा दोन-तीन एकरवाल्या माणसाला धानानंतर मिळणारं हे बिनखर्ची दुसरं पीक. पाणी साचलं तरी मरत नाही आणि पाऊस दडून बसला तरी जळत नाही.

गोम नेमकी इथंच आहे. बाकी सगळं बुडतं तेव्हा हीच एक उरते.

१८२९ पासून लागोपाठ काही वर्षं सागर भागात, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशात, गहू बुडाला. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून आपल्याला माहीत असलेला विल्यम स्लीमन तेव्हा त्या मुलखात होता. गव्हाच्या पडीक शेतांत लाख मात्र आपसूक माजली होती. लोकांनी ती खाल्ली, कारण दुसरं काही नव्हतंच. १८३३ पासून तरुण माणसांचे कमरेखालचे पाय निकामी होऊ लागले आणि ते पुन्हा कधी सुधारले नाहीत, असं त्यानं आपल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. पुढे अलाहाबाद जिल्ह्यात आयर्विंग नावाच्या डॉक्टरनं अशाच पांगळ्यांची गावोगाव मोजदाद केली. १८७३ मध्ये नेपल्सच्या कांतानी यांनी या रोगाला लॅथिरिझम हे नाव दिलं.

युरोपलाही हा रोग नवा नव्हता. दक्षिण जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गच्या ड्यूकनं १६७१ मध्येच पावात लाखेचं पीठ घालायला मनाई केली होती. स्पॅनिश चित्रकार गोयाच्या युद्धचित्रांत एक चित्र १८११-१२ च्या माद्रिदच्या दुष्काळाचं आहे. लोक लाखेच्या पिठाच्या लापशीवर जगताहेत आणि एक बाई जमिनीवर पडलेली आहे. आणि सर्वांत क्रूर उदाहरण दुसऱ्या महायुद्धातलं. वाप्न्यार्का इथल्या रुमानियन छावणीत १९४२-४३ मध्ये ज्यू कैद्यांना रोजचं अन्न म्हणून लाख दिली गेली. काही आठवड्यांत शेकडो कैदी लंगडू लागले. कैद्यांपैकीच एक असलेल्या डॉ. आर्थर केसलर यांनी कारण ओळखलं आणि ते अन्न बंद करायला लावलं.

या सगळ्या गोष्टींत एक साम्य आहे. सागरचा शेतकरी, माद्रिदची बाई, छावणीतला कैदी यांनी लाख "खाल्ली" एवढंच झालं नव्हतं. त्यांनी आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने जवळजवळ फक्त लाखच खाल्ली होती.

आता थोडं शरीराबद्दल. १९६४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या राव, अडिगा आणि सरमा यांनी लाखेच्या दाण्यातून एक अमिनो आम्ल वेगळं काढलं. त्याला बीटा-ओडॅप म्हणतात. आपल्या मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देताना ग्लुटामेट नावाचं रसायन वापरतात. ओडॅप दिसायला त्याच्यासारखंच. पेशी फसते, सतत उत्तेजित राहते आणि शेवटी मरते. सर्वाधिक फटका बसतो पायांच्या हालचाली चालवणाऱ्या चेतापेशींना. स्नायू ताठ होतात, गुडघे सरळ होत नाहीत, टाचा टेकत नाहीत, पाय एकमेकांत कात्रीसारखे अडकतात. आधी एक काठी, मग दोन काठ्या, शेवटी हातांवर सरकत चालणं. स्पर्श कळतो, डोकं शाबूत असतं. डाळ थांबवली की रोग वाढायचा थांबतो, पण गेलेलं परत येत नाही. औषध आजही नाही.

हा रोग होण्यासाठी साधारणपणे रोजच्या जेवणाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग लाखेचा असावा लागतो, आणि तोही निदान दोन-तीन महिने. वाटीभर वरण, सोबत भात, भाजी, एखाद्या दिवशी तुरीचं, एखाद्या दिवशी लाखोळीचं, अशा ताटात तो होत नाही. शिवाय दुष्काळात पाण्याचा ताण बसला की दाण्यातलं ओडॅपच वाढतं. म्हणजे माणूस सर्वांत जास्त लाख खातो त्याच वर्षी ती सर्वांत जास्त विषारी असते. निसर्गानं केलेली ही थट्टा मला नेहमी अस्वस्थ करते. (हेच ओडॅप जिनसेंगच्या एका जातीतही असतं, आणि तिथं त्याला रक्तस्राव थांबवणारं औषध म्हणून मान आहे. असो.)

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही दशकांत मध्य प्रदेशातल्या रीवा भागात आणि आसपास पांगळ्यांची गावं होती. तिथल्या बांधील मजुराला मालक मजुरी पैशात देत नसे, धान्यात देई. आणि धान्य म्हणजे स्वतःच्या घरी न शिजणारी लाख. गहू मालकाच्या कोठारात, लाख मजुराच्या पदरात. सालभर तीच भाकरी, तीच डाळ. म्हणून पाय मजुरांचे जात.

सरकारनं काय केलं? अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा १९५४ चा. त्याच्या नियमांत १९६१ मध्ये ४४-अ हा नियम आला: राज्य सरकार अधिसूचना काढेल त्या तारखेपासून त्या राज्यात लाख किंवा तिचे पदार्थ विकायला मनाई. हेतूबद्दल मला शंका नाही. पांगळी माणसं डोळ्यांनी पाहिलेल्या डॉक्टरांनी ही मागणी केली होती, आणि त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. पण भेसळीचा कायदा दुकानाला हात लावू शकतो, मजुरीला नाही. रीवाच्या मजुरानं डाळ बाजारातून विकत कधी आणलीच नव्हती.

पुढची गंमत बघा. बऱ्याच राज्यांनी बंदी लागू केली, त्यात महाराष्ट्रही होता. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल यांनी केली नाही. म्हणजे जिथं रोग खरोखर होता तिथं विक्री खुली, आणि गोंदियाच्या शेतकऱ्यानं पिकवलेली डाळ बेकायदा. त्याच्या शेतापासून काही कोसांवर बालाघाट, राजनांदगाव. तिकडे तीच डाळ राजरोस बाजारात. पेरायला बंदी नव्हती, खायला नव्हती, विकायला होती! ज्याला उघड बाजारात माल नेता येत नाही त्याला भाव मागता येत नाही. व्यापारी सांगेल तो दर, जनावरांचं खाद्य म्हणून. मग तीच डाळ पुढे कुठं जाते? स्वस्त पडते आणि दिसायला तुरीच्या-हरभऱ्याच्या डाळीसारखी, म्हणून बेसनात आणि डाळीत मिसळली जाते. ज्या भेसळीची शहरातल्या माणसाला भीती वाटते, तिला बंदीनं आळा तर बसला नाहीच, उलट चोरवाट मिळाली असं माझं मत आहे.

गावातल्या माणसानं यातून काय अर्थ काढावा? त्याच्या घरात डाळ शिजते आहे, पाय शाबूत आहेत, आणि सरकारी कागद म्हणतो विष. "केव्हा विष, किती खाल्लं तर विष" हे कागद सांगत नाही. माणूस आपल्या अनुभवावर विश्वास ठेवणार. आणि एकदा कागद खोटा ठरला की त्यातला खरा भागही खोटा ठरतो. दुष्काळी वर्षी फक्त लाखेवर राहू नका, हा सांगण्यासारखा एकच निरोप होता. तो बंदीच्या गोंगाटात हरवला.

नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी ही बंदी उठावी म्हणून वर्षानुवर्षं आंदोलन केलं, आणि २००८ मध्ये महाराष्ट्रानं बंदी उठवली. लाखोळीबाबत त्यांचं म्हणणं मला बहुतांशी पटतं. त्यांचीच संस्था आयोडीनयुक्त मिठाच्या सक्तीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली होती. २०११ मध्ये न्यायालयानं तो नियम भेसळीच्या कायद्यात बसत नाही असा निकालही दिला. कायद्याचा मुद्दा न्यायालयाचा. पण डॉक्टर म्हणून मी मिठाच्या बाबतीत त्यांच्या बाजूला नाही. आयोडीनच्या कमतरतेनं गर्भातल्या बाळाच्या मेंदूचं नुकसान होतं आणि ते ताट बदलून सहज भरून निघत नाही. "लाखोळीत सरकार चुकलं म्हणजे मिठातही चुकलं" असं मला अनेक रुग्ण ऐकवतात. एका चुकीच्या बंदीची किंमत अशीही मोजावी लागते.

रोग ओसरला तो कशामुळे? मजुरी रोखीत मिळू लागली, १९७६ मध्ये वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला, गहू-तांदूळ रेशनवर पोहोचले. जिथं विक्री कधी बंदच नव्हती तिथंही रोग कमी झाला, हे विसरून चालणार नाही. पूर्व विदर्भातल्या लाखोळी खाणाऱ्या गावांत नंतर पोषणतज्ज्ञांनी पाहणी केली तेव्हा त्यांना हा रोग जवळजवळ आढळला नाही. दरम्यान शास्त्रज्ञांनी रतन, प्रतीक, महातिवरा असे कमी ओडॅपचे वाण काढले. २०१५ मध्ये तूरडाळ दोनशे रुपयांच्या घरात गेली आणि पुढच्याच वर्षी अशा वाणांना हिरवा कंदील द्यावा ही आयसीएमआरच्या समितीची शिफारस चर्चेत आली. लोकांनी लगेच विचारलं, पन्नास वर्षं विष होतं ते डाळ महागल्यावर अमृत कसं झालं? प्रश्न बोचरा आहे. उत्तर असं की वाण खरोखर बदलले आहेत आणि ताटही बदललं आहे. पण ते शांतपणे समजावून सांगायला कुणी गावात गेलं नाही.

स्पेनमध्येही असंच झालं. १९६७ च्या अन्नसंहितेनं लाख माणसाच्या खाण्यातून वगळली, पण ला मांचा भागातले लोक तिच्या पिठाची पारंपरिक लापशी करतच राहिले. अखेर २०१८ मध्ये नियम सैल झाला. तिथल्या तज्ज्ञांचा सल्ला असा: मिश्र आहारात, अधूनमधून.

माझ्याकडे येणाऱ्यांना मी जवळपास हेच सांगतो. घरची लाखोळी असेल तर आठवड्यातून एक-दोनदा, भात-पोळी-भाजीसोबत खा. डाळ भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्या, म्हणजे बरंचसं ओडॅप निघून जातं, सगळं नाही. रोज, तीनही वेळा, तेच मुख्य अन्न म्हणून नको. पिकं बुडालेल्या वर्षी तर मुळीच नको. बेसनात थोडी भेसळ असली तर ती फसवणूक आहे, तक्रार जरूर करा, पण त्यानं पाय जाणार नाहीत. अख्खा दाणा ओळखायचा असेल तर तो पाचरीसारखा, एका बाजूला उतरता आणि कोपरे असलेला असतो.

आणि तुमच्या ओळखीत कुणी हलाखीत असेल, महिना-दोन महिने एकाच डाळीवर दिवस काढत असेल, पोटऱ्या ताठतात, चालताना टाचा टेकत नाहीत असं म्हणत असेल, तर त्याच दिवशी ती डाळ बंद करून त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. आणि त्याच्या घरी रेशनकार्ड आहे का, तेही विचारा.